किरणांच्या वाटेवरचा मेंदू : प्रस्तावना

शास्त्राच्या इतिहासात काही नियम असे असतात की ते खोटे मुळीच नसतात, परंतु ज्या हद्दीत ते खरे असतात तिच्याबाहेर त्यांचा अंमल लोक परस्पर वाढवून घेतात, आणि मग ती अतिक्रमणे मोजून काढण्याचे काम पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या वाट्याला येते. बर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञांनी १९०६ साली मांडलेला नियम याच जातीचा होता. रॉन्टगेनने क्ष-किरण शोधून काढल्याला तेव्हा दहा-अकरा वर्षेच झाली होती. हे दोघे उंदरांच्या वृषणांवर किरण सोडून कोणत्या पेशी मरतात व कोणत्या तगतात हे पाहत होते, आणि त्या निरीक्षणांवरून त्यांनी असे प्रतिपादन केले की, जी पेशी वारंवार विभागते, जिचे पुष्कळ विभाजन अजून व्हावयाचे आहे आणि जिचे रूप व कार्य अद्याप ठरलेले नाही, ती किरणांना सर्वांत आधी बळी पडते. नियम मोलाचा होता. कर्करोगावरील किरणोपचाराचा तो आजही एक आधार मानला जातो. परंतु त्यावरून, ज्या पेशी विभागत नाहीत त्यांना धोका नाही, आणि प्रौढ मनुष्याच्या चेतापेशी विभागत नाहीत, सबब मेंदूला धोका नाही, अशी जी दोन पावले पुढे टाकली गेली ती टाकताना फारशी चौकशी कोणी केली नाही. उंदराच्या वृषणावरून मनुष्याच्या मेंदूला मिळालेला हा अभयाचा दाखला पुढे कित्येक दशके पाठ्यपुस्तकांतून बिनदिक्कत चालला.

अगदीच बिनतक्रार चालला असे मात्र नव्हे. सेंट पीटर्सबर्ग येथे तारखानोव्ह या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९६ सालीच, म्हणजे या नियमाच्या दहा वर्षे आधी, बेडकांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या मज्जासंस्थेच्या प्रतिक्रिया बदलतात असे नोंदविले होते. आणि पाव्हलोव्हच्या परंपरेत वाढलेले रशियन संशोधक पुढेही हेच सांगत राहिले की, पेशी मेली नाही म्हणजे तिचे काम बिघडले नाही असे ठरत नाही. पाश्चात्त्य प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली मृत पेशी शोधीत होत्या, तर रशियन प्रयोगशाळा प्राण्याच्या वर्तनात फरक शोधीत होत्या, आणि दोघांनाही आपापल्या शोधाप्रमाणे उत्तर मिळत होते. १९६१ साली व्हिएन्ना येथे या एकाच विषयावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, तेव्हा कोठे दोन्ही पक्षांच्या कैफियती एका टेबलावर आल्या. माझ्या मते या वादात रशियन पक्षाचे कित्येक दावे अतिशयोक्त होते, पण त्यांचा मूळ प्रश्न बिनचूक होता.

पुढील पानांत जे काही सांगितले आहे त्याचा गाभा दोन वाक्यांत मावतो. मेंदूमध्ये चेतापेशींखेरीज इतर पुष्कळ पेशी आहेत, आणि त्यांतील कित्येक विभागतात. आणि गर्भाचा मेंदू, बालकाचा मेंदू व साठ वर्षांच्या गृहस्थाचा मेंदू यांना किरणांच्या दृष्टीने एकाच नावाने संबोधणे ही केवळ भाषेची सोय आहे. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर ह्या विषयातील परस्परविरोधी भासणारे बहुतेक निष्कर्ष एकमेकांशी जुळतात.

आयनीकारक किरण म्हणजे ज्यांच्या अंगी अणूतील इलेक्ट्रॉन हुसकावून लावण्याइतकी ऊर्जा असते ते. क्ष-किरण, गॅमा किरण, अल्फा व बीटा कण, न्यूट्रॉन आणि अवकाशातून येणारे विश्वकिरण हे या वर्गात मोडतात, आणि रेडिओच्या लहरी, दिव्याचा उजेड किंवा खिशातील मोबाइल हे मोडत नाहीत. ह्या किरणांची मात्रा 'ग्रे' या एककाने मोजतात. एका किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा एक ग्रे झाली. हे परिमाण ऊर्जेच्या दृष्टीने इतके क्षुल्लक आहे की, मनुष्याच्या सबंध शरीराला चार ग्रे मात्रा एकदम मिळाली व उपचार झाले नाहीत तर त्याच्या जगण्यामरण्याचा संभव निम्मानिम्मा राहतो, आणि तरीही तेवढ्या मात्रेने त्याच्या अंगाचे तापमान अंशाच्या सुमारे एक सहस्रांशानेच काय ते वाढते. म्हणजे घात होतो तो उष्णतेने होत नाही. किरण पेशीतील पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून अत्यंत क्रियाशील मूलके निर्माण होतात, आणि ती मूलके किंवा स्वतः किरणच डीएनएचा कधी एक पदर, तर कधी दोन्ही पदर एकाच ठिकाणी तोडतात. एक पदर तुटला तर पेशी तो बहुधा बिनचूक सांधते, दोन्ही तुटले तर सांधा चुकण्याचा संभव बळावतो. शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा असलेला मेंदू शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा वापरतो, आणि त्याच्या घडणीत मेदाचा अंश मोठा असल्यामुळे अशा मूलकांना तेथे पेटवावयास सरपणही मुबलक मिळते.

अतिप्रचंड मात्रेचे काय होते याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९५८ सालच्या ३० डिसेंबर रोजी अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे प्लुटोनियमयुक्त द्रावणाच्या टाकीचे ढवळणारे यंत्र सुरू करताच क्षणार्धात अणुविखंडनाची साखळी पेटली, आणि ते यंत्र चालविणारा सेसिल केली हा कामगार आपण जळत आहोत असे ओरडत, तोल जात, भान हरपलेल्या स्थितीत बाहेर सापडला. पस्तीस तासांच्या आसपास तो मरण पावला. अशा मात्रेत मेंदूच्या रक्तवाहिन्या व पेशी सर्वच एकदम कोसळतात, आणि कोणता नियम लागू पडतो व कोणता नाही हा प्रश्नच उरत नाही. शास्त्राला खरा विचार करावयास लावला तो त्याहून कितीतरी कमी मात्रांनी.

त्यांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुःखद धडा हिरोशिमा व नागासाकी येथील आहे. १९४५ सालच्या ऑगस्टच्या ६ व ९ तारखांना ज्या स्त्रिया गरोदर होत्या त्यांच्या पोटची काही मुले लहान डोक्याची जन्मली, हे वैद्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. १९४७ पासून अमेरिकेने तेथे चालविलेल्या अणुबॉम्ब-आपद्ग्रस्त आयोगाने त्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली, आणि हिरोशिमातील मुलांविषयीचा पहिला अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. पण त्या नोंदींतील खरा अर्थ हाती यावयास आणखी तीन दशके जावी लागली. १९८४ साली ओताके आणि शल या दोघा संशोधकांनी सुमारे १६०० मुलांचे दप्तर नव्याने मांडले व प्रत्येक मुलाचे वय बॉम्बच्या दिवशी गर्भधारणेपासून किती आठवड्यांचे होते या रकान्यानुसार त्यांची विभागणी केली. या मुलांपैकी ३० जणांना तीव्र मतिमंदत्व होते. आणि तीव्र या शब्दाची व्याख्याही त्या दप्तरात कोरडेपणाने दिलेली आहे : साधे संभाषण करता न येणे, साधा हिशेब न जमणे, स्वतःची काळजी स्वतः घेता न येणे, किंवा संस्थेत ठेवावे लागणे. रकाना भरल्यावर जे चित्र उमटले ते विलक्षण होते. ज्यांचे वय आठ आठवड्यांहून कमी होते त्यांच्यात किरणांशी संबंध लावता येईल असे एकही उदाहरण नव्हते. पंचवीस आठवड्यांनंतरही नव्हते. सोळा ते पंचवीस या आठवड्यांत थोडी होती. आणि आठ ते पंधरा या आठ आठवड्यांच्या अरुंद मुदतीत बहुतेक सारा अनर्थ एकवटलेला होता. त्या मुदतीत एक ग्रे मात्रा मिळालेल्या गर्भांपैकी शेकडा ४० च्या आसपास मुले तीव्र मतिमंद निघावीत असा हिशेब आला, आणि जी मतिमंद नव्हती त्यांच्याही बुद्ध्यंकात ग्रेमागे २५ ते ३० अंकांची घट दिसली.

असे का व्हावे, याचे उत्तर मेंदूच्या घडणीत आहे. मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी जेथे आयुष्यभर नांदतात तेथे त्या जन्मत नाहीत. त्या जन्मतात आत, मेंदूतील पोकळ्यांच्या भिंतीलगत, आणि तेथून आपल्या जागेपर्यंतचा प्रवास त्या लांबट आधारपेशींच्या तंतूंवरून करतात. मांडवाच्या दांड्यावरून वेल वर चढावी तशा त्या तंतूला बिलगून एकीमागून एक वर सरकतात, आणि मागून येणारी पेशी आधीच्यांना ओलांडून वरच्या थरात बसते. आठ ते पंधरा आठवडे हा नेमका या जन्माचा व या प्रवासाचा भर असतो. बर्गोनिए आणि त्रिबोंदो यांच्या नियमाप्रमाणे पाहिले तरी या काळात मेंदू हा शरीरातील अत्यंत नाजूक अवयव ठरावयास हवा होता; नियम लावणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा प्रौढाचा मेंदू होता, इतकेच. पुढे चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे एमआरआयने, अशा काही व्यक्तींच्या मेंदूंची चित्रे घेतली गेली, तेव्हा आठव्या-नवव्या आठवड्यात किरण लागलेल्यांच्या मेंदूत करड्या द्रव्याचे पुंजके भलत्याच ठिकाणी, खोल आत, अडकून पडलेले दिसले. वाटेत थांबलेल्या पेशींचा तो पुरावा चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही जागच्या जागी होता. या मुलांच्या आईबापांनी १९६५ साली हिरोशिमात 'किनोको-काई' नावाची मंडळी स्थापन केली आणि मुलांची ही अवस्था बॉम्बमुळेच झाली हे सरकारने मान्य करावे म्हणून दाद मागितली. आकडेशास्त्राच्या दप्तराबाहेर या प्रकरणाचा हाही एक दस्तऐवज आहे, आणि तो वगळून हा विषय सांगू नये.

जपानचे उदाहरण युद्धाचे आहे. त्याच सुमारास उपकाराच्या बुद्धीने जे घडले ते मला अधिक बोचते. डोक्यातील गजकर्णावर खात्रीचे औषध नव्हते तेव्हा मुलांच्या टाळूवर पाच बाजूंनी क्ष-किरण सोडून केस गाळावयाची रीत जगभर रूढ होती. दोन-तीन आठवड्यांनी केस झडत, त्यांच्याबरोबर बुरशीही जाई, आणि केस पुन्हा उगवले की उपचार यशस्वी झाला असे समजत. १९२९ सालीच ड्रुकमान याने लिहून ठेवले होते की, यांतील काही मुले उपचारानंतर काही आठवड्यांनी दिवसचे दिवस पेंगुळलेली राहतात. पण ती आपोआप बरी होत, म्हणून त्या पेंगेकडे कोणी लक्ष दिले नाही. इस्राएलमध्ये १९४८ ते १९६० या काळात, उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरितांच्या हजारो मुलांना हा उपचार मिळाला. त्यांतील १०,८०० हून अधिक मुलांचा पाठपुरावा पुढे झाला. मेंदूला सरासरी दीड ग्रेच्या आसपास मात्रा मिळाली होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात मेंदूच्या आवरणाचे अर्बुद त्यांच्यात सुमारे साडेनऊ पट आणि ग्लिओमा (मेंदूतील आधारपेशींची गाठ) अडीच पट अधिक आढळले, आणि त्याआधीच्या एका तपासणीत शाळेतील परीक्षा व बुद्धीच्या चाचण्या यांतही ही मुले किंचित मागे पडलेली दिसली होती. १९५८ च्या सुमारास ग्रिसिओफुल्विन हे पोटात घ्यावयाचे औषध हाती आले आणि ती रीत बंद पडली. इस्राएलने १९९४ साली या लोकांना नुकसानभरपाई देणारा कायदा केला.

आता प्रौढ मेंदूकडे वळतो. तेथे चेतापेशी खरोखरच चिवट असतात, हे मान्य. पण त्यांच्या तंतूंवर मायलिनचे वेष्टन चढविणाऱ्या पेशी विभागणाऱ्या पूर्वजपेशींपासून येतात. केशवाहिन्यांचे अस्तर विभागणाऱ्या पेशींचे असते. आणि मेंदूत पहारा करणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी एकदा चेतल्या म्हणजे महिनोन्‌महिने दाह चालू ठेवतात. किरणांमुळे मेंदूची हानी महिन्यांनी, प्रसंगी वर्षांनी, प्रकट होते ती याच वाटांनी. त्याखेरीज आणखी एक गोष्ट आहे. प्रौढपणी नव्या चेतापेशी जन्मत नाहीत हा सिद्धान्त जोसेफ ऑल्टमनने १९६० नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांनी हलविला होता, पण त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९९८ साली स्वीडनमधील संशोधकांनी मृत कर्करोग्यांच्या मेंदूंत, स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात, नव्या चेतापेशींच्या खुणा दाखविल्या. मनुष्यात हे नवजनन किती होते यावर आजही कडाक्याचा वाद आहे. परंतु उंदरांविषयी वाद नाही, आणि २००२ साली मिशेल मॉन्जे व थिओ पामर यांनी दाखविले की, किरण लागल्यावर उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशींचा जन्म जवळजवळ थांबतो, आणि तो थांबतो त्यात मूळपेशींच्या मरणाइतकाच भोवतालच्या दाहाचाही हात असतो; पुढच्याच वर्षी त्यांनी दाहशामक औषध देऊन ते नवजनन अंशतः परत आणून दाखविले.

या ज्ञानाचा उपयोग रुग्णालयांत कसा झाला, हे या पुस्तकातील अधिक समाधानाचे प्रकरण आहे. रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुले १९६० नंतर बरी होऊ लागली त्याचे एक कारण असे की, मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी औषधांच्या जोडीला डोक्यालाही किरण देण्याचा क्रम बसविला, कारण रोग मेंदूच्या आवरणात दडून बसत असे व तेथून उलटत असे. २४ ग्रे मात्रेने मुले वाचली. आणि वाचली म्हणूनच शाळेत गेली, व तेथे त्यांचे लक्ष लागत नाही, गणित जमत नाही, हे उघडकीस आले. मात्रा आधी १८ ग्रेवर आणली गेली, आणि पुढे औषधोपचार सुधारल्यावर बहुतेक मुलांना ते किरण द्यावेच लागेनासे झाले. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. जिवंत मुलाच्या गणिताची चिंता करण्याची पाळी येणे हीच मुळात त्या उपचाराची कमाई होती.

आणि या विषयातील एक निर्णायक काम आपल्या परळात झाले आहे, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. टाटा मेमोरियल रुग्णालयात २००१ ते २०१२ या काळात राकेश जलाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या सौम्य किंवा मंदगतीच्या गाठी असलेल्या ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. दोन्ही गटांना मात्रा एकच, ५४ ग्रे, तीस हप्त्यांत सहा आठवडे. फरक इतकाच की, एका गटाला नेहमीच्या पद्धतीने आणि दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम, भोवतालचा निरोगी मेंदू वाचवून, किरण दिले. नेमके किरण दिले तर हानी कमी व्हावी, हे कोणालाही सुचण्यासारखे आहे. पण ते सुचणे आणि सिद्ध होणे यांत जी तफावत असते ती भरून काढण्यासाठी लहान मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्या पाच वर्षे नेटाने घेत राहावे लागते, परगावाहून आलेल्या आईबापांना पुनःपुन्हा मुंबईस बोलवावे लागते, आणि ते त्यांनी केले. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला : नेमके किरण मिळालेल्या गटाचा बुद्ध्यंक पाच वर्षांत अधिक चांगला राहिला आणि ग्रंथींचे बिघाडही कमी झाले, रोगावरचा ताबा मात्र दोन्हीकडे सारखाच राहिला. याच अभ्यासातून त्यांनी आधी असेही दाखविले होते की, डाव्या कानशिलाच्या बाजूच्या खंडाला, म्हणजे डाव्या टेम्पोरल लोबला, ४३ ग्रेच्या वर मात्रा पोहोचली, तर बुद्ध्यंकाची घसरण विशेष होते. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांनी त्याच सुमारास असे दाखविले की, सबंध मेंदूला किरण देणे भागच असेल तरी हिप्पोकॅम्पस तेवढा बाजूला ठेवला तर रुग्णाची स्मृती अधिक टिकते. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राने अलीकडे प्रोटॉन उपचार सुरू केले आहेत, त्यामागेही हाच हिशेब आहे : प्रोटॉन ठराविक खोलीवर थांबतात, पलीकडचा मेंदू बचावतो.

विश्वकिरणांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण होमी भाभांची पहिली कीर्ती त्यांच्यावरच उभी आहे. अपोलो ११ च्या प्रवासात आल्ड्रिनला मिटल्या डोळ्यांपुढे ठिणग्या चमकल्याचा भास झाला, आणि पुढच्या अंतराळवीरांनाही तो झाला. विश्वकिरणांतील जड कण डोळ्यातून आरपार जाताना असे होईल, हे भाकीत टोबायस याने १९५२ सालीच केले होते. मंगळाच्या प्रवासाची जुळवाजुळव करणाऱ्यांना आज या ठिणग्यांपेक्षा मेंदूची काळजी अधिक आहे, कारण उंदरांवरील प्रयोगांत अशा जड कणांच्या ०.०५ ग्रे इतक्या अल्प मात्रेनेही चेतापेशींच्या शाखांवरील काटे विरळ झालेले आढळले. उंदरावरून मनुष्याला दाखला देण्यात काय धोका असतो हे आरंभीच सांगून झाले आहे, तेव्हा येथे घाईने निवाडा देत नाही.

उरला अल्प मात्रेचा मामला. स्वीडनमध्ये १९३० ते १९५९ या काळात त्वचेवरील लाल डागांसाठी तान्ह्या मुलांना किरण देत असत. त्यांतील ३०९४ पुरुषांच्या लष्करभरतीच्या वेळच्या चाचण्या पाहता, ज्यांच्या मेंदूला पाव ग्रेहून अधिक मात्रा मिळाली होती त्यांच्यात उच्च माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण शेकडा ३२ वरून १७ वर उतरलेले दिसले. एका वेळच्या डोक्याच्या सीटी स्कॅनची मात्रा याहून पुष्कळच कमी असते, आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाचा स्कॅन किरणांच्या भयाने टाळणे हा शुद्ध अविचार होय. भयाचीही एक हानी असते : चेर्नोबिलच्या अपघाताचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी त्याचा सर्वांत व्यापक सार्वजनिक परिणाम म्हणून लोकांच्या मनःस्वास्थ्याचाच उल्लेख केला आहे. म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे की, आपल्या घरातील कोणाच्या, विशेषतः मुलाच्या, डोक्याला किरण देण्याचा प्रसंग आला, तर नकार देऊ नये, पण मात्रा किती, मेंदूच्या कोणत्या भागाला, आणि या वयात दुसरा मार्ग आहे काय, हे तीन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत, आणि मिळालेल्या उत्तराचा कागद जन्मदाखल्याबरोबर जपून ठेवावा. वीस-तीस वर्षांनी त्याची गरज लागू शकते.